हायड्रॉलिक सस्पेन्शनमधली एअर: लपते कुठे आणि निघते कशी

ज्या गाड्यांची उंची ऑइलच्या प्रेशरवर वर-खाली होते त्यांच्या बाबतीत "एअर काढली तरी परत येते" ही तक्रार इतक्यांदा कानावर येते की म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहूनच टाकावं. माझ्याकडे लँड क्रूझर १०० आहे, एएचसीवाली, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह हाइट कंट्रोल. तिची मागची एक गंजलेली लाईन बदलली आणि नंतर सगळ्या सिस्टीमची एअर मीच घरी काढली, त्यामुळे खालचं बरंचसं त्या गाडीवरून आहे. पण तत्त्व सगळीकडे एकच, सित्रोएनच्या जुन्या हायड्रोन्यूमॅटिक गाड्यांनाही तेच लागू होतं. (रबरी फुगे असलेलं एअर सस्पेन्शन वेगळं, तिथे हवाच गाडी पेलते, त्याच्याबद्दल हे नाही.)

आधी थोडक्यात रचना. एक पंप टाकीतून ऑइल ओढतो आणि चारही शॉकमध्ये ढकलतो. प्रत्येक शॉकच्या लाईनवर एक गोळा असतो, ज्याला सगळे स्फिअर म्हणतात, त्यात एका बाजूला नायट्रोजन, मध्ये पडदा आणि दुसऱ्या बाजूला ऑइल. खड्ड्यात चाक वर आलं की ऑइल गोळ्यात शिरतं, नायट्रोजन दबतो आणि धक्का तिथे जिरतो. म्हणजे या सिस्टीममध्ये दबणारी गोष्ट एकच असायला हवी आणि ती पडद्याच्या पलीकडेच असायला हवी. लँड क्रूझर १०० मध्ये पुढे टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) आणि मागे कॉइल स्प्रिंगही आहेत, त्यामुळे ऑइल सगळं वजन पेलत नाही, काही भागच पेलतं, तरीसुद्धा पुढच्या बाजूला मॅन्युअलप्रमाणे प्रेशर ६.९ मेगापास्कलच्या आसपास, म्हणजे ६९ बार असतं. कारच्या टायरमध्ये २ ते अडीच बार असतं, त्यावरून अंदाज घ्या.

आता खरा मुद्दा. हवा प्रेशरखाली आकसते हे शाळेत शिकलेलं असतं पण इथे त्याचे आकडे बघा. लाईनमध्ये साध्या वातावरणाच्या दाबाला ७० मिली हवा अडकली असेल तर ७० बारला ती जेमतेम १ मिली उरते. म्हणजे गाडी वर उभी असताना, प्रेशर असताना, ती हवा जवळपास दिसेनाशीच होते. आणि त्याहून वाईट म्हणजे प्रेशरखाली हवा ऑइलमध्ये चक्क विरघळते. मिनरल ऑइलमध्ये साध्या दाबालासुद्धा आकारमानाच्या साधारण ८-९ टक्के हवा विरघळलेली असतेच, दाब वाढला की त्या प्रमाणात आणखी विरघळते, आणि तेच ऑइल टाकीत परत आलं, दाब एकदम गेला की सोडावॉटरच्या बाटलीचं झाकण उघडल्यासारखी ती बारीक बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडते. हे बुडबुडे इतके बारीक असतात की वर यायला त्यांना वेळ लागतो. आपण तेवढा वेळ न देता लगेच परत वरचं बटण दाबलं की पंप ते फेसाळ ऑइल ओढतो आणि सगळी हवा परत आत. "एअर काढली तरी परत येते" याचं निम्मं उत्तर इथे आहे. बहुतेक वेळा ती परत आलेली नसते, गेलेलीच नसते.

म्हणून माझं ठाम मत असं की या कामात पाना फिरवण्यापेक्षा थांबणं जास्त महत्त्वाचं आहे. आणि दुसरं, हवा काढायची ती प्रेशर कमी असताना, कारण तेव्हाच ती फुगलेली असते आणि ऑइलबरोबर ढकलली जाते.

काम सुरू करायच्या आधी हे नक्की करा की दुखणं एअरचंच आहे. कारण गोळे मेले की लोक एअर काढत बसतात आणि एअर असली की गोळे बदलायला निघतात. दोन्हीची लक्षणं खरं तर उलटी आहेत. गोळ्यातला नायट्रोजन संपला की दबायला काही उरतच नाही, गाडी दगडासारखी होते, लहान खड्डासुद्धा थेट पाठीत लागतो, पण उंची मात्र पटकन वर-खाली होते. एअर असेल तर गाडी वर यायला वेळ लावते, पंप नेहमीपेक्षा जास्त वेळ चालतो आणि त्याचा आवाज बदलतो, भरीव घरघर जाऊन पातळ, कुरकुरल्यासारखा होतो, मध्येच एखादा कोपरा मागे राहतो, आणि जास्तच हवा असेल तर ठरलेल्या वेळात प्रेशर आलं नाही म्हणून कंट्रोल युनिट पंप बंद करतं आणि डॅशवर लाइट लुकलुकायला लागतो. टाकीचं झाकण उघडून टॉर्चने बघा, ऑइल स्वच्छ आरपार दिसतंय की गढूळ पांढरट झालंय. वर फेस असेल तर शंकाच नको.

गोळ्यांची एक चाचणी एएचसीवाले करतात, गाडी एकदम खाली असताना आणि एकदम वर असताना टाकीवरच्या किती खुणा ऑइल उतरतं ते मोजायचं. गोळे ठणठणीत असले तर १४ च्या आसपास खुणांचा फरक येतो आणि तो ७ वर आला की गोळे गेले असं धरतात, कारण नायट्रोजन दबला नाही तर गोळ्यात ऑइल मावतच नाही. पण ही मोजणी एअर पूर्ण काढल्यावरच करा. लाईनमध्ये हवा असेल तर तीही दबते, जास्तीचं ऑइल आत जातं आणि मेलेले गोळे जिवंत असल्याचा भास होतो.

सुरक्षेबद्दल लिहितो आणि हे वगळून पुढे जाऊ नका. निप्पल, म्हणजे एअर काढायचा छोटा पोकळ स्क्रू, सोडलं की गाडी खाली येते. हळूहळू येईल या भरवशावर कुणीही खाली घुसू नये, बॉडी आणि चाकाच्या मध्ये हात, डोकं काहीही ठेवू नये. मी चारही चाकं जाड लाकडी ठोकळ्यांवर घेतली, त्यांना मागे-पुढे अडसर लावले, आणि चेसिसखाली स्टँड लावले, पण स्टँड चेसिसला टेकवून नाही, गाडी पूर्ण बसली तरी थोडी फट राहील असे. याला कारण आहे. ऑइल बाहेर ढकलायचं काम गाडीचं वजन करतं, स्टँडने वजन उचललं की ढकलायला काही राहत नाही. आणि चाकं हवेत लोंबकळत ठेवून निप्पल उघडलं तर आणखी उलटं होतं, शॉक लांब होतो आणि त्याच निप्पलमधून हवा आत ओढून घेतो. स्टँड फक्त काही बिनसलं तर जीव वाचवायला.

दुसरी गोष्ट, प्रेशरखालच्या ऑइलची बारीक चिळकांडी कातडीच्या आत घुसते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही फारसं, आणि आत काही तासांत बोट किंवा हात कायमचा जाण्याइतकं नुकसान होऊ शकतं. असं झालं तर वाट न बघता तडक दवाखान्यात जा आणि प्रेशरचं ऑइल आत गेलंय असं स्पष्ट सांगा. चष्मा घाला, आणि गळती कुठून होतेय हे बोटाने कधीही चाचपू नका.

आता प्रत्यक्ष काम. माझ्या गाडीला पाच निप्पल आहेत, चार कोपऱ्यांना चार आणि पाचवं प्रेशरचं ऑइल साठवणाऱ्या अ‍ॅक्युम्युलेटरवर, सगळ्यांना १० नंबरचा पाना लागतो. रिंग पानाच घ्या, तोंडाच्या पान्याने गंजलेल्या निप्पलचे कोपरे गोल होतात आणि मग वेगळंच काम मागे लागतं. आदल्या दिवशी वायर ब्रश मारून गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला की निम्मी लढाई तिथेच. इंजिन बंद करायच्या आधी गाडी सगळ्यात खालच्या उंचीवर आणली, इंजिन बंद केलं, टाकी वरच्या खुणेपर्यंत भरली. मग निप्पलवर घट्ट बसेल अशी पारदर्शक नळी चढवली, तिचं दुसरं टोक एका बाटलीत आधीच ओतलेल्या ऑइलमध्ये बुडवलं आणि निप्पल अगदी पाव फेरा सोडलं.

नळीकडे लक्ष ठेवा, सगळं तिथेच कळतं. लाईन बदललेल्या कोपऱ्यात आधी नुसतीच हवा आली, नळीत ऑइलचे तुकडे आणि मध्ये लांब लांब रिकाम्या जागा, बाटलीत गुडगुड. मग रिकाम्या जागा आखूड होत गेल्या आणि एकदम पांढरट फेसाचा पट्टा आला, सलग, वीतभर तरी असेल. बरेच जण इथे फसतात कारण मोठे बुडबुडे थांबलेले असतात आणि ऑइल सलग दिसतं, पण तो फेस म्हणजे विरघळलेली हवा सुटतेय. तो जाऊ द्यायचा. त्याच्यामागून स्वच्छ ऑइल आलं, त्यात अधूनमधून एखादा मण्याएवढा बुडबुडा, आणि धार मंद व्हायला लागली की ती पूर्ण थांबायच्या आत निप्पल आवळायचं. धार थांबेपर्यंत उघडं ठेवलं तर आट्यांमधून हवा परत शिरू शकते.

असं चारही कोपऱ्यांना केलं, उघडलेल्या लाईनपासून सुरुवात करून. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये क्रम दिला असेल तर तोच पाळा. अ‍ॅक्युम्युलेटर शेवटी. गाडी पूर्ण खाली बसली म्हणून सगळं प्रेशर गेलं असं समजू नका, अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये ते कोंडलेलं असतं आणि तिथलं निप्पल सोडलं की धार जोरात येते, तेव्हा नळी हाताने धरण्यापेक्षा क्लिपने पक्की करा आणि निप्पल केसभरच सोडा.

मग टाकी परत भरायची. डबा घुसळू नका, ऑइल टाकीच्या कडेवरून संथ ओता. बाटलीत जमा झालेलं फेसाळ ऑइल परत टाकीत अजिबात नाही. आणि ऑइल तेच वापरा जे गाडीसाठी सांगितलंय, ब्रेकचं डॉट ऑइल दिसायला जवळचं वाटलं तरी मिनरल ऑइलसाठी बनवलेली सील त्याने फुगून निकामी होतात. इंजिन चालू करून गाडी मधल्या उंचीला आणायची, पंप दमून थांबला तर इंजिन बंद करून थोड्या वेळाने परत, आणि या सगळ्या वेळात दुसऱ्या माणसाने टाकीवर नजर ठेवायची. टाकी एकदा रिकामी झाली की पंप हवा पितो आणि आतापर्यंतचं सगळं पाण्यात.

त्यानंतर वर, खाली, वर, खाली असं करायचं, पण प्रत्येक वेळी खाली आल्यावर टाकीतला फेस पूर्ण बसू द्यायचा. ऑइल आरपार दिसेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. मी शेवटी गाडी रात्रभर खालीच ठेवली आणि सकाळी परत पाचही निप्पलांवरून फेरी मारली. मागच्या एका कोपऱ्यातून सकाळीही बारीक बुडबुड्यांची रांग निघाली, जी आदल्या संध्याकाळी निघालीच नव्हती. रात्रभरात ते एकत्र येऊन वरच्या टोकाला जमले होते.

जुन्या सित्रोएनवाल्यांसाठी दोन शब्द. ऑइल आणि नायट्रोजनवर चालणाऱ्या सस्पेन्शनची ही कल्पना मूळची सित्रोएनच्या पॉल माजेस या इंजिनिअरची, १९५४ मध्ये ट्रॅक्शन अ‍ॅव्हाँच्या फक्त मागच्या चाकांना आली आणि १९५५ मध्ये डीएस या मॉडेलच्या चारही चाकांना. तिथे सस्पेन्शनला वेगळी निप्पल उघडत बसावं लागत नाही, ऑइल फिरून टाकीत परत येतं त्यामुळे उंचीचा लिव्हर वर-खाली करून हवा आपोआप बाहेर पडते. पंपाने ऑइल धरलंच नाही तर प्रेशर रेग्युलेटरवरचा ब्लीड स्क्रू एक फेरा सैल करून इंजिन मंद चालू ठेवतात, पंपाला उलट प्रेशर लागत नाही आणि तो हवा टाकीकडे ढकलून मोकळा होतो, मग स्क्रू आवळायचा. नंतरच्या बऱ्याच मॉडेलमध्ये हा रेग्युलेटर १७० बारला पंप मोकळा करतो आणि १४५ ला परत कामाला लावतो, तो टिकटिक आवाज ठरावीक अंतराने यायला लागला की समजायचं प्रेशर धरलं. ऑइलची पातळी गाडी सगळ्यात वर आणि इंजिन चालू असताना बघायची. सित्रोएनचं हिरवं एलएचएम ऑइल म्हणजे मिनरल, डीएसच्या सुरुवातीच्या काळातलं लाल एलएचएस त्याच्यात कधीही मिसळायचं नाही.

इतकं सगळं सबुरीने करूनही महिन्याभरात परत फेस दिसला तर मग पाना खाली ठेवा आणि कारण शोधा, कारण हवा कुठून तरी येतेय. पहिला संशय टाकी ते पंप या होजवर. ही ओढणारी बाजू आहे, इथे होजला चीर असली किंवा क्लिप सैल असली तर ऑइल गळतंच असं नाही, उलट हवा आत ओढली जाते, त्यामुळे जमीन कोरडी आणि टाकीत फेस. होज आणि क्लिप बदलणं सोपं आहे, आधी ते करा. तिथे सगळं चोख असेल आणि ऑइल बाहेर कुठेच गळत नसेल तर एखाद्या गोळ्याचा पडदा फाटलाय का बघा, कारण मग ऑइलमध्ये येतेय ती हवा नसून त्यातला नायट्रोजन आहे. हे ओळखायला प्रत्येक कोपऱ्याची वेगळी बाटली ठेवा. पडदा फाटलेल्या कोपऱ्यातून नायट्रोजन संपेपर्यंत बुडबुडे येत राहतात, बाकीचे तीन स्वच्छ असतात, आणि काही दिवसांत नेमका तोच कोपरा कडक होतो. तो गोळा बदलायचा, आणि तो बदलताना लाईन उघडावी लागते म्हणून त्या कोपऱ्याची एअर परत काढायची.