सेल्फचा वरचा बोल्ट

आमची डिझेल व्हॅन 2002 सालची. श्रावणात नागपंचमी झाली की पहिल्या रविवारी आमच्या खानदेशची देवी कानबाई बसते, सोमवारी विसर्जन. त्यासाठी सुरतेचे भाऊबंद रेल्वेने अमळनेरला उतरतात, आणि तिथून व्हॅनमधून आम्ही सगळे चोपडा तालुक्यातल्या गावी जातो. कानबाईच्या प्रसादाचे रोट भाऊबंदकीने एकत्र बसून खायचे असतात, तिथे उशीर चालत नाही. आणि यंदा गुरुवारी सकाळी चावी फिरवली तर नुसता ‘टक’ आवाज.

हेडलाइट लावून पुन्हा चावी फिरवली. उजेड जराही मंद झाला नाही. म्हणजे बॅटरी ठीक, सोलेनॉइड (करंट जोडणारा विजेचा खटका) ओढतोय, पण सेल्फपर्यंत, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरपर्यंत, करंट जात नाही. टर्मिनल घासली, केबल हलवून पाहिली, फरक शून्य. सेल्फ खाली काढण्याशिवाय मार्ग नव्हता. ढकलून गाडी सुरू झाली असती, पण चौदा माणसं, त्यांत सत्तरीच्या काकू. त्यांना भर पावसात रस्त्यावर उतरवायला माझं मन होईना.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली. सेल्फच्या जाड केबलला बॅटरीतून थेट करंट येतो, मधे फ्यूज नसतो. पाना चुकून बॉडीला टेकला तर जागेवर वेल्डिंग होतं, हात भाजतो तो वेगळाच.

खालचा बोल्ट दहा मिनिटांत निघाला. वरचा मात्र असा बसलेला की बोटाच्या टोकाला लागतो, डोळ्याला दिसत नाही. वरून पाइप आडवा, खालून सेल्फचंच अंग, मागे गिअरबॉक्स. वरून हात घालून साधा पाना लावला. पाना जेमतेम बोटभर फिरायचा, आणि दुसऱ्या झटक्याला सटकला. बोटांची सालं निघाली त्याचं काही नाही, पण बोल्टाच्या कडा गोल व्हायला लागल्यात हे बोटाला कळलं तेव्हा पोटात गोळा आला. डोकं पूर्ण गोल झालं असतं तर गिअरबॉक्स उतरवावा लागला असता. मी तिथेच हात बाहेर काढला.

संध्याकाळी आबा आले. माझे चुलते, एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलेलं. माझी बोटं पाहून म्हणाले, “इतली घाई कशाले करस रे भाऊ?” मग माझा मोबाईल मागितला, टॉर्च लावून फटीतून आत घातला आणि व्हिडिओ काढला. बोल्टाभोवती पांढरी पूड होती. बोल्ट लोखंडी, तो ज्यात बसतो ते घर ॲल्युमिनियमचं. ओल मिळाली की दोन धातू एकमेकांना धरून बसतात. त्या रात्री आम्ही पाना लावलाच नाही. गंज सोडवणारा स्प्रे नळीने तीन वेळा मारला, दर वेळी रॉडने डोक्यावर हलके ठोके दिले, म्हणजे तेल आट्यांत उतरतं.

सकाळी आबांनी दिशाच बदलली. वरून नाही, मागून. गाडी घोड्यांवर (लोखंडी टेकूंवर) घेतली, चाकांना दगड लावले आणि मी गिअरबॉक्सखाली आडवा झालो. पाना लांब करणारे तीन एक्स्टेन्शन रॉड एकात एक जोडले, दीड हात लांबी झाली. पुढे कुठेही वळणारा युनिव्हर्सल जॉइंट, त्याच्यापुढे 17 ची गोटी (बोल्टाच्या डोक्यावर बसणारा गोल पाना), आतून सहा कोनांची. बारा कोनांची गोटी झिजलेल्या डोक्यावर सटकते. जॉइंट लुळा पडत होता, म्हणून आबांनी त्यावर वायरची टेप गुंडाळली. आता तो वाकायचा, पण मान टाकायचा नाही. हे मला कधीच सुचलं नसतं.

वरून आबांनी दोन बोटांनी गोटी डोक्यावर बसवली. “धर सरळ.” मी रॉड धरला. “आधी आवळ.” मी थबकलो, पण त्यांचं ऐकलं. केसभर आवळलं, मग उलटं. पुन्हा आवळ, पुन्हा उलटं. चौथ्या वेळी ‘कर्रर्र’ असा लांब आवाज आला. रॉडमधून तो माझ्या मनगटापर्यंत पोचला. वरून आबा ओरडले, “उना रे उना!” आला रे आला!

पुढचं काम सोपं होतं. अमळनेरातच सेल्फचे झिजलेले कार्बन (आत करंट पोचवणारे तुकडे) आणि बुश (दांडा ज्यात फिरतो त्या कड्या) बदलून मिळाले. बसवताना मी वेळ घेतला तो दोनच गोष्टींना. सेल्फ जिथे टेकतो तो भाग पॉलिश पेपरने चकचकीत केला, कारण सेल्फचं अर्थिंग त्याच्या अंगातूनच जातं. आणि वरचा बोल्ट नवा आणला, आट्यांना ग्रीस लावलं, पहिले चार आटे पान्याशिवाय, बोटांनीच फिरवले. तिरका धरला असता तर घराचेच आटे गेले असते.

शनिवारी संध्याकाळी स्टेशनबाहेर पाऊस होता. काकू पुढच्या सीटवर बसल्या, कानबाईच्या साड्यांची पिशवी मांडीवर घेतली. मागून कुणीतरी दार ओढलं. मी चावी फिरवली, पहिल्याच झटक्यात इंजिन लागलं, आणि आबांनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला.