ओमॅलींची वाडी शोधताना: बोस्टन, डब्लिन, मेयो

माझी सून बोस्टनची, माहेरची ओमॅली. आमचा कुलवृत्तांत चाळताना तिने विचारलं, "आई, यात माझ्या लेकाचं आजोळ कुठे आहे?" तिच्या घरी एवढंच ठाऊक होतं, की खापरपणजोबा आयर्लंडच्या मेयो काउंटीतून आले. त्या प्रश्नापायी दोन वर्षं कागद शोधले आणि या जूनमध्ये आम्ही दोघी तिकडे जाऊन आलो.

आपल्याकडे चिपळूणकर म्हटलं की गाव कळतं. आयरिश आडनावात गाव नसतं, माणूस असतो. 'ओ' म्हणजे नातू, वंशज. 'मॅक' म्हणजे मुलगा. ओमॅली, मॅली, मेलिया ही एकाच 'ओ माल्ये'ची इंग्रजी रूपं. इंग्रजी अमलात कित्येकांचा 'ओ' गळला आणि पुढे काहींनी तो परत लावला, म्हणून प्रत्येक नाव सगळ्या रूपांत शोधा. पण मेयोच्या पश्चिम किनाऱ्यावर ओमॅली इतके आहेत की आडनावाने काहीच हाती लागत नाही. हवी असते ती 'टाउनलँड', म्हणजे साधारण आपली वाडी. आयर्लंडमध्ये अशा ६० हजारांहून जास्त आहेत.

तेव्हा विमानाचं तिकीट काढण्याआधी वाडीचं नाव मिळवा. ते बहुधा आयर्लंडात नाही, माणूस जिथे जाऊन राहिला तिथल्या कागदांत सापडतं. आम्हाला ते बोस्टनच्या 'पायलट' या वृत्तपत्रात मिळालं. १८३१ ते १९२१ या काळात त्यात हरवलेल्या नातलगांच्या शोधाच्या जाहिराती येत. एका बहिणीने भावासाठी दिलेल्या चार ओळींत किलगीव्हर पॅरिश (म्हणजे वाड्यांहून मोठा, चर्चच्या हद्दीचा विभाग) आणि वाडी, दोन्ही होतं. सून ते वाचून किती तरी वेळ गप्प बसली होती. (वाडीचं नाव इथे लिहीत नाही, तिथे त्यांचे भाऊबंद अजून राहतात.)

पुढचं बरंच काम घरबसल्या, फुकट होतं. १९०१ आणि १९११ची जनगणना राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर आहे. त्याआधीची जवळपास सगळी गेली: १८२१ ते १८५१ची बहुतेक १९२२ साली डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारातल्या दफ्तरखान्याच्या आगीत, नंतरच्या चार तर सरकारनेच नष्ट केल्या. ती उणीव काही अंशी 'ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन' भरून काढतं. १८४७ ते १८६४ दरम्यानच्या या नोंदींत कोणाकडे कोणती जमीन आणि मालक कोण, ते दिसतं. कॅथलिक चर्चच्या नोंदवह्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ साली खुल्या केल्या. त्यांत नावं अनेकदा लॅटिनमध्ये असतात. जेम्सचा 'याकोबस' होतो.

वयावर मात्र विसंबू नका. आमची ब्रिजिट १९०१ मध्ये ५५ वर्षांची आणि १९११ मध्ये एकदम ७० ची! १९०९ पासून सत्तरी गाठलेल्यांना पेन्शन सुरू झालं होतं. जन्माचा दाखला नसलेल्या गरीब म्हातारीने वय वाढवून सांगितलं, तर मला त्यात काही वावगं वाटत नाही.

डब्लिनला एक दिवस ठेवा. किल्डेअर स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात वंशावळीबद्दल विनामूल्य सल्ला मिळतो. नेमके प्रश्न लिहून न्या. ह्यूस्टन स्टेशनवरून वेस्टपोर्टची गाडी सव्वातीन तासांच्या आसपास घेते. तिथून पुढे मोटार लागतेच. वाटेत मरिस्कला थांबा: ओमॅलींच्या जमिनीवर १४५७ साली उभा राहिलेला मठ, आणि समोर १८४०च्या दशकातल्या आयरिश महादुष्काळाचं स्मारक, शिडांच्या जागी सांगाडे असलेलं ब्राँझचं जहाज. तिथे सुनेचा हात धरावासा वाटला, आणि मी धरला.

वाडीत दगडी भिंती आणि गुडघाभर गवत. गमबूट न्याच, आणि कुणाच्याही कुंपणात शिरण्याआधी विचारा.

शेवटी रूना धक्क्यावरून बोटीने क्लेअर बेटावर गेलो. वाऱ्यामुळे बोट रद्द होऊ शकते, म्हणून एक दिवस हाताशी राखा. १५९३ साली राणी एलिझाबेथला जाऊन भेटलेल्या ग्रेस ओमॅलीचा, म्हणजे या किनाऱ्यावरच्या दर्यावर्दी सरदारणीचा, बुरूज बंदरातच आहे. तिथल्या मठात ओमॅलींचं कुलचिन्ह आहे, 'भूमीवर आणि समुद्रावर बलवान' असं लॅटिन वचन कोरलेलं.

परतीच्या बोटीत एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सुनेचं माहेरचं आडनाव ऐकलं आणि विचारलं, "कुठले ओमॅली?" तिने वाडीचं नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि किनाऱ्यावरच्या एका हिरव्या उताराकडे बोट दाखवलं.