करडांच्या राखणीला .223

आम्ही .223 या मापाच्या काडतुसाची रायफल घेतली हे घरच्या ग्रुपवर कळलं आणि दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. बाकीच्यांचं सोडा, पण "तिकडं जाऊन शिकारी झालात व्हय?" हा आत्याचा प्रश्न मला लागला. एवढ्यातेवढ्यात सांगून होण्यासारखं उत्तर नाही, म्हणून इथं लिहिते.

सॅन अँजेलोच्या बाहेर आमची जमीन आहे, तिच्यावर बोअर जातीच्या शेळ्या. पश्चिम टेक्ससचा हा भाग मेंढ्या-शेळ्यांचाच मुलूख आहे. शेळ्या व्यायला लागल्या की कायोटी फिरकायला लागतात. आपल्या कोल्ह्यापेक्षा थोराड, लांडग्यापेक्षा लहान, दहा ते वीस किलोचं जनावर. करडाच्या नरड्यालाच धरतात. सकाळी शेळीच्या सडांना दूध तटलेलं असतं आणि ती कुंपणाच्या कडेनं ओरडत फिरत असते. ते बघून ज्याला काही वाटत नाही त्यानं शेळ्या पाळू नयेत.

पहिल्यांदा कुत्री आणली, ग्रेट पिरेनीज जातीची, पांढरीशुभ्र, वासराएवढी. आमच्याच भागात टेक्सस ए अँड एम विद्यापीठाचं केंद्र आहे, तिथं राखणीच्या कुत्र्यांवर खास काम चालतं. कुंपणाच्या खालच्या फटी बुजवल्या. एवढं करूनही एक-दोन जनावरं हटेनात, तेव्हा रायफलचा विषय निघाला.

इथल्या कायद्यानं मी खरंच चक्रावले. टेक्ससमध्ये कायोटीला बंद हंगाम नाही, किती मारायचे याला मर्यादा नाही. शिकारीचा परवाना घ्यायचा (पाळीव जनावरांवर हल्ला करणाऱ्या कायोटीसाठी तोही लागत नाही), आणि जन्म 2 सप्टेंबर 1971 किंवा त्यानंतरचा असेल तर सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा करायचा. माझं ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे दुकानात बंदूक खरेदीचा फॉर्म 4473 भरला, पार्श्वभूमीची तपासणी झाली आणि रायफल हातात. एच-1बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला एरवी बंदूक बाळगता येत नाही, पण शिकारीचा वैध परवाना असला की त्यालाही मुभा आहे! आपल्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक बाळगणारा कोकणातला शेतकरी निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करून येतो. मला विचाराल तर आपली पद्धत शहाणपणाची आहे. पण इथल्या कायद्यानं विश्वास टाकलाय म्हटल्यावर जबाबदारीही आपलीच, आणि ती काडतुसाच्या निवडीपासूनच सुरू होते.

दुकानात मात्र डोकं उठलं. काउंटरवरचा माणूस सगळं माझ्या नवऱ्याकडे बघून बोलत होता. शेळ्या मी पाळते, प्रश्न मी विचारतेय, आणि उत्तरं ह्यांना! मी सांगितलं, आमच्या रानात मेस्किट आणि जुनिपरची झुडपं आहेत, शंभर-दीडशे यार्डांपलीकडचं नीट दिसत नाही. तरी तो .22-250 या जास्त वेगवान काडतुसाचंच कौतुक लावून बसला. काडतूस उत्तमच आहे, त्यात वाद नाही. पंचावन्न ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी नळीतून सेकंदाला जवळपास 3,680 फुटांनी सुटते, .223 ची 3,240 नं. वायोमिंगच्या उघड्या माळावर तीनशे-चारशे यार्डांवर मारायचं असेल तर हा फरक पैसे वसूल करून देईल. आमच्या झुडपांत तो फरक कशाला? वर काडतूस महाग, आवाज मोठा, आणि जास्त दारू जळते म्हणून नळीही लवकर झिजते. मग म्हणाला, .243 हे जरा मोठं काडतूस घ्या, हरणालाही चालेल. मला हरीण मारायचंच नाही. हे वाक्य त्या दिवशी मी किती वेळा म्हटलं असेल! मला एक काम एका गोळीत, त्या जनावराला न तडफडवता करायचं होतं. यापलीकडे मला त्या दुकानातलं काही नको होतं, आणि ते समजून घ्यायला त्याला वेळ नव्हता.

समजून घेतलं ते शेजारच्या म्हाताऱ्या रँचरनं. त्यानं स्वतःच्या तीन रायफली काढल्या, जाड लाकडी टेबलावर वाळूच्या पिशव्या मांडल्या आणि मला म्हणाला, बसा, पाहिजे तेवढे बार काढा. .243 चा धक्का खांद्याला जड नाही, पण बार झाला की रायफलीवरची दुर्बीण उडते आणि लक्ष्य डोळ्यासमोरून जातं. .223 ला तसं होत नाही. गोळी कागदाला लागलेली दुर्बिणीतूनच दिसते. लागली की चुकली हे त्याच क्षणी कळणं मला सगळ्यात मोलाचं वाटलं, कारण जखमी जनावर झुडपात निघून जाणं यापरतं पाप नाही. माझे हात आखूड, म्हणून दस्ता आखूड असलेली बोल्टची (दर बारानंतर हातानं खटका ओढायची) रायफल घ्या, हेही त्यानंच सुचवलं. चार पैसे न घेता दुपार दिली. अशी माणसं माणदेशात असतात असं मी समजत होते. इथंही आहेत.

तुमच्यापैकी काहींनी विचारलं, साधी पॉइंट टू-टू का नाही? दोन्हींच्या गोळीची जाडी जवळपास सारखीच, पण .22 लाँग रायफलची चाळीस ग्रेनची गोळी सेकंदाला बाराशे फुटांच्या आसपास जाते. सशाला पुरते. कायोटी त्यानं जखमी होऊन पळेल. आणि आपल्याकडे परवान्यावर मिळते ती .315 ची रायफल या कामाला नको तेवढी जड.

आम्ही .223 मध्ये पन्नास-पंचावन्न ग्रेनची, टोकाला प्लास्टिक असलेली गोळी वापरतो. म्हणजे जेमतेम साडेतीन ग्रॅम. ती आत शिरताच फुटते, आणि जमिनीवर आपटली तरी सहसा तुकडे होतात, उसळून लांब जात नाही. आमच्या हद्दीतून सुटलेली गोळी परवानगीशिवाय दुसऱ्याच्या हद्दीत गेली तर टेक्ससमध्ये तो गुन्हा आहे. पलीकडे त्याच म्हाताऱ्याच्या मेंढ्या चरतात, त्यामुळे मागे मातीचा उंचवटा नसेल तर मी चापाला बोट लावत नाही. एक गोष्ट घेण्याआधी बघाच: नळीवर .223 कोरलेलं असेल तर तिच्यात 5.56 ची लष्करी काडतुसं घालू नयेत. दोन्ही दिसायला सारखी, पण 5.56 चा दाब त्या नळीला जास्त होऊ शकतो.

आता आत्याच्या दुसऱ्या बोलण्याकडे येते. ती म्हणाली, आपला धनगर लांडग्याला त्याचा वाटा देतो, तुम्हाला एवढं जड झालं? धनगराचा तो मोठेपणा मला ठाऊक आहे, त्याच मातीत मी वाढले. पण धनगर रात्रभर वाड्यापाशी झोपतो, त्याच्या हाकेला दहा माणसं धावतात, आणि लांडग्यानं मेंढी नेली तर वनखात्याकडे भरपाई मागता येते. मला इथं हाकेला कुणी नाही आणि कायोटीनं नेलेल्या करडाची भरपाई कुणी देत नाही. लांडगा तिकडं मोजका उरलाय, कायोटी इथं शहराच्या गल्ल्यांतसुद्धा फिरतो. दोन्ही गोष्टी एका तराजूत घालू नका. आणि सगळ्या कायोटींचा नायनाट करायला मी निघालेले नाही. कुंपणाबाहेरून जाणाऱ्याला मी हात लावत नाही. करडाची चटक लागलेल्यावरच बार काढते.

दोनशे यार्डांवर नेम बरोबर बसेल अशी रायफलीची दुर्बीण लावून घेतली आहे, म्हणजे आमच्या अंतरात वरखाली काही धरावं लागत नाही. पश्चिम टेक्ससचा वारा मात्र या हलक्या गोळीला ढकलतो, म्हणून जोराचा वारा असेल तर रायफल कपाटात कुलपातच राहते. कुत्र्यांच्या गळ्यात नारिंगी पट्टे घातलेत. तरीही अंधारात काही हललं म्हणून मी बार काढत नाही. आधी टॉर्च मारायचा, कुत्र्यांना नावानं हाक मारायची, दोघंही जवळ आली की मगच पुढचं.