पुठ्ठा का वाकत होता ते सापडलं

मंडळी, सापडलं! मी जुने दिवाळी अंक शिवून त्यांचे पुठ्ठ्याच्या बांधणीचे खंड करते आहे, आणि तीन आठवडे ज्याने माझी झोप उडवली होती तो त्या पुठ्ठ्याचा बाक कशाने येत होता, ते गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये कळलं. वसुबारस पाच दिवसांवर आली आहे, स्वयंपाकघरात चकलीची भाजणी दळून तयार आहे, आणि मी सगळं बाजूला ठेवून आधी हे लिहायला बसले आहे. मागच्या वेळी विचारलं तेव्हा तुमच्यातल्या निम्म्या जणांनी शिकंज्यात, म्हणजे खंड आवळून दाबायच्या चौकटीत, "अजून दोन दिवस ठेव" असं सांगितलं होतं. मीही तेच करत होते. पण शिकंज्याचा इथे काही संबंधच नव्हता.

मागच्या वेळी सांगितलं तिथूनच पुढे जाते. तळमजल्यावरच्या काकांच्या माळ्यावरचे 26 दिवाळी अंक, त्यांचे सात खंड, आणि जिन्याखालच्या कपाटात वसुबारसेला सुरू करायचं आमचं घरगुती वाचनालय. तेव्हा तीन खंड पूर्ण झाले होते. बाकी चारांची जुजं, म्हणजे दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, शिवून झाली होती, पाठीला जाळीची पट्टी लागली होती, फक्त अस्तर (पुठ्ठ्याला आतून चिकटवायचा दुपानी कागद) आणि पुठ्ठा राहिला होता.

आधी दोन चांगल्या गोष्टी सांगते, त्या मला फार आनंद देऊन गेल्या आहेत.

गंजक्या पिना आता एकही पान न फाडता निघतात. पूर्वी मी पुढून पिन उचकटायचे आणि कागदाचा तांबूस झालेला तुकडा पिनेबरोबरच बाहेर यायचा. आता अंक पालथा घालते, पिनेचे वळलेले पाय बोथट सुरीच्या टोकाने सरळ करते, पायाखाली प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवून ठेवते म्हणजे सुरी कागदाला लागत नाही, आणि मग पुढून पिन अलगद वर येते. एका अंकाला वीस मिनिटं लागतात. चित्रकार दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठाच्या 'दीपावली'ला मी पाऊण तास दिला, आणि त्या चित्राच्या कडेचा कपटाही हलला नाही.

दुसरी गोष्ट खळीची. मैद्याची खळ आणि तिच्यात घालायचं मोरचूद दोन्ही मी सोडून दिलं. मोरचुदाने कसर लागत नाही हे खरं, पण ते विष आहे, आणि हे खंड लहान मुलं हाताळणार आहेत. शेजारच्या काकूंनी उन्हाळ्यात कुरडयांसाठी गहू भिजवून चीक काढला होता, त्यातला थोडा त्यांनी वाळवून ठेवला होता. एक चमचा पूड, पाच चमचे पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत घोटायची, गार झाली की दोनदा गाळायची. मैद्यात चिकटा राहतो, चिकात तो धुऊन गेलेला असतो, म्हणून ही खळ गुठळ्या न धरता पसरते, वाळल्यावर पिवळी पडत नाही आणि पाणी लावलं की पुन्हा सुटते. हे शेवटचं मला पुढे किती उपयोगी पडणार होतं ते तेव्हा ठाऊक नव्हतं. फेव्हिकॉल मी पाठीवर लावते, पण पानाला कधीच लावू नका, तो पुन्हा सुटत नाही.

आता बाक.

खंड शिकंज्यातून निघाला की आरशासारखा सपाट. रात्री टेबलावर ठेवायचा, सकाळी बघावं तर पुढचा पुठ्ठा उघड्या बाजूने वर उचललेला, जणू कोणी दार किलकिलं ठेवलंय. पट्टी लावून मोजलं तर पहिल्या खंडाला 9 मिलीमीटर, दुसऱ्याला 8, तिसऱ्याला 11. शिवाय आत, पाठ आणि पुठ्ठा यांच्यामधल्या खाचेजवळ अस्तरावर बारीक लाटा उठलेल्या. आधी मी हवेला दोष दिला, कारण परतीच्या पावसाने नाशकात आठवडाभर सगळंच सर्द होतं. मग कडक ऊन पडलं तरी बाक तसाच. मग खळ घट्ट केली. मग शिकंजा एका दिवसाऐवजी चार दिवस आवळला. मग सासूबाईंचा पाटा-वरवंटा वर ठेवला, त्यावर त्या दोन दिवस चटणीसाठी थांबून राहिल्या आणि एक शब्द बोलल्या नाहीत. पुठ्ठ्याचा ग्रेन, म्हणजे त्यातले तंतू धावतात ती दिशा, तर मी कापतानाच बघितला होता, पाठीला समांतर. पुठ्ठ्याला बाहेरून लावतात त्या वरच्या कागदाचाही बघितला होता. म्हणून ग्रेनचा विचार मी डोक्यातून काढूनच टाकला होता, आणि चूक नेमकी तिथेच झाली.

त्या संध्याकाळी पार्किंगमध्ये कंदिलाचं काम चाललं होतं. काका कामट्या तासत होते, मुलं पतंगाच्या कागदाला खळ लावत होती, काकू अनारशाचं पीठ फसफसल्याची तक्रार करत होत्या. आठवीतल्या मुलाने विचारलं, दिवाळीलाच अंक का काढतात? काकांनी कामटी खाली ठेवून त्याला 1909 सालचं सांगितलं, काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तिथपासून. त्यावर नव्याने राहायला आलेल्या वहिनी म्हणाल्या, गावात 1840 पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, मग जिन्याखाली कपाट कशाला? तिसऱ्या मजल्यावरच्या आजी लगेच म्हणाल्या, "शालिमारपर्यंत जायला माझे गुडघे तयार नाहीत गं. जिन्याखाली मी उतरेन." वहिनींनी तिथल्या तिथे दोन संध्याकाळी कपाटापाशी बसायचं कबूल केलं.

आणि मग आजींनी झिरमिळ्यांसाठी कागद उचलला. कात्री न घेता कडेला नख लावून त्यांनी पट्टी फाडली, सरसर, अगदी सुतात, खालपर्यंत. शेजारचा मुलगा तसंच करायला गेला तर त्याची पट्टी तिरकी होत मध्येच तुटली. आजी त्याला म्हणाल्या, "अरे, कागद फिरव. कागदालाही उभं-आडवं असतं, ब्लाउजपीससारखं. आडवा फाडलास तर ऐकायचा नाही." त्याने कागद फिरवला आणि पट्टी सरळ आली.

मी हातातली खळीची वाटी तशीच ठेवून वर धावले. अस्तराच्या उरलेल्या तुकड्यातून एक पट्टी उंचीच्या दिशेने फाडली: तिरकी. रुंदीच्या दिशेने फाडली: सुतात. खात्रीसाठी एक चौकोनी कपटा घेऊन एका बाजूला ओलं बोट फिरवलं. कपटा लगेच नळीसारखा वळला, आणि ती नळी आडवी होती. पुठ्ठा बरोबर, वरचा कागद बरोबर, अस्तर मात्र चुकीचं.

कारण काय, तर काटकसर. कागद 20 बाय 30 इंची. आपले अंक साडेसात बाय दहाचे, म्हणजे दुपानी अस्तराचा तुकडा 15 बाय 10. एका कागदात असे चार तुकडे चपखल बसतात, काही वाया जात नाही, सात खंडांचे चौदा तुकडे चार कागदांत निघतात. पण या कागदाचा ग्रेन 30 इंचांच्या बाजूने धावतो, म्हणजे माझ्या तुकड्यात तो 15 इंचांच्या बाजूने, पाठीला आडवा आला. 10 इंचांची उंची 30 इंचांवर घेतली असती तर एका कागदात तीनच तुकडे निघाले असते, आणि चाराच्या जागी पाच कागद लागले असते. एक कागद 28 रुपये. त्या 28 रुपयांसाठी तीन आठवडे!

ओला कागद ग्रेनच्या आडव्या दिशेने फुगतो आणि वाळताना त्याच दिशेने आवळतो. वरचा कागद वाळताना पुठ्ठ्याला रुंदीत आवळून बाहेर खेचत होता. आतल्या अस्तराने तेवढ्याच जोराने रुंदीतच आत खेचायला हवं होतं, तेव्हा पुठ्ठा मध्ये सपाट राहतो. माझं अस्तर उंचीत आवळत होतं. खाचेजवळच्या लाटाही त्याच्याच.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मेनरोडवर जाऊन पाच कागद आणले. दुकानदाराला ग्रेन कुठला विचारलं तर त्याने न बोलता कागद दोन्ही बाजूंनी हलकेच दुमडून दाखवला, जिकडे सहज वाकतो तो ग्रेन. असा दुकानदार सोडू नका. मी ऑनलाइन मागवलेल्या कागदावर यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं, आणि मागवलेला दोराही तिसऱ्या टाक्याला पिंजला. शेवटी मी साध्या सुती दोऱ्याला मेण चोळूनच शिवलं.

बेत असा होता की तिन्ही खंडांची अस्तरं काढून नवीन लावायची. पहिल्या खंडाला ओला टीपकागद वीस मिनिटं ठेवला, चिकाची खळ सुटली, अस्तराचं चिकटलेलं पान सोललं गेलं. पण अस्तराचं दुसरं पान अंकाला जोडलेलं, आणि त्या जोडाखाली नेमका तो 'दीपावली'. तिथे ओल नेण्याचं धाडस मी केलं नाही, अजूनही करणार नाही. अर्ध्यातच थांबले. मग विचार आला की अस्तर बदलायची गरजच काय, रुंदीत खेचणारं काहीतरी आत हवं, एवढंच. शाळेच्या वह्यांना घालतो तो खाकी कागद घेतला, ग्रेन उभा बघून पुठ्ठ्याच्या आत चिकटवला, आणि त्यावर जुनंच अस्तर पुन्हा बसवलं. एक रात्र शिकंजा, दुसरी रात्र मोकळ्या टेबलावर.

सकाळी मोजलं: 9 चे 2 मिलीमीटर. दुसऱ्या खंडाला 1. तिसरा, तो 11 वाला, त्यात 'आवाज'चे, पान कापून उघडणाऱ्या खिडक्यांचे अंक आहेत, म्हणून प्रत्येक खिडकीच्या पानामागे बटरपेपर घालून मगच दाबला. तो आत्ता टेबलावर आहे आणि मला सपाट दिसतो, पण उद्या सकाळपर्यंत पट्टी लावणार नाही. खाचेजवळच्या लाटा या तिन्हींत राहिल्या, त्या तशाच राहू देणार. उरलेल्या चार खंडांना आठ तुकडे लागले, तीन कागदांत झाले. दोन कागद शिल्लक.

आडव्या ग्रेनचे जुने आठ तुकडेही पडून आहेत, आणि आता लिहिता लिहिता सुचलं की त्यांची या वर्षीच्या नव्या अंकांना पाकिटं करावीत. नवे अंक नुसत्या गरम गोंदावर उभे असतात, पूर्ण उघडले की पाठ तडकते आणि पाडव्यापर्यंत पानं गळतात. मी ते बांधायला घेणार होते, आता नाही. पाकिटाच्या आतल्या बाजूला नाव, तारीख आणि फ्लॅट नंबर लिहायला जागा ठेवते, म्हणजे वेगळी वही नको. पाकिटाला ग्रेन आडवा असला तरी बिघडत नाही, त्यात खळ फक्त एका कडेला लागते. कोणी अशी पाकिटं केली असतील तर झाकण किती ठेवलंत ते सांगा, दोन इंच मला कमी वाटतात.

तीन कागदांमागे 5 बाय 30 च्या तीन लांब पट्ट्या उरल्या होत्या. त्या आजींकडे दिल्या. त्यांनी नखाने फाडून त्यांच्या झिरमिळ्या केल्या, आणि आत्ता खाली कंदील लागलाय त्याला खालून लाल-पिवळ्यांच्या मध्ये तीन पट्ट्या राखाडी फुलाफुलांच्या आहेत. चौथा खंड शिकंज्यात आहे, आणि मी आता चकल्या तळायला उठते.