तुम्ही विचारलंत म्हणून: घरच्यांनी बोलणं टाकलं तर?

इंदूरच्या मराठी घरांतून प्रभू येशूकडे आलेली माणसं हे नेहमी विचारतात. बाप्तिस्म्यानंतर घरच्यांनी बोलणं टाकलं, दिवाळीला बोलावलं नाही. आता क्षमा करायची म्हणजे नेमकं करायचं काय?

आधी बायबलमधलं स्तोत्र ५५ काढा. वैऱ्याने निंदा केली असती तर सोसली असती, पण हा तर माझा जिवलग, असं स्तोत्रकर्ता तिथे देवाला सांगतो. तसंच तुम्हीही सांगा. हे न करता जे थेट ‘माझ्या मनात काही नाही’ म्हणतात, त्यांचा राग पुढे लग्नकार्यात बाहेर पडतो.

मग रोज एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना. फक्त ‘त्यांचं मन बदल’ नको, ते मागणं बहुधा आपल्याच सोयीचं असतं. आईचे गुडघे, भावाची नोकरी, भाचीची बारावी यांसाठी मागा. येशूचा शिष्य पेत्र याने ‘भावाला सात वेळा क्षमा करायची का?’ विचारलं, तेव्हा येशू म्हणाला, साताच्या सत्तर वेळा. एकाच जखमेची क्षमाही पुन्हा पुन्हा करावी लागते, असं मला त्यातून समजतं.

सगळ्यात जास्त बिघडतं ते निरोपात. ‘मी तुम्हाला माफ केलं’ असं व्हॉट्सअ‍ॅपवर कधीही पाठवू नका. आपलं काही चुकलं असं ज्यांना वाटतच नाही, त्यांना तो आरोप वाटतो. त्याऐवजी लिहा: ‘बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी आहे? डबा मी आणते.’ बायबलचं वचन जोडू नका, उत्तरासाठी मागे लागू नका. बाप्तिस्म्याची बातमी त्यांना बाहेरून कळली असेल किंवा देव्हाऱ्याबद्दल तुम्ही टाकून बोलला असाल, तर तेवढ्याची स्वच्छ माफी मागा. विश्वासाची माफी मागायची नसते.

मारहाण होत असेल तर तिथून निघा, पोलिसांकडे जा. शोमरोनी लोकांच्या, म्हणजे यहुद्यांशी वैर असलेल्यांच्या, एका गावाने येशूला उतरू दिलं नाही, तेव्हा त्याचे शिष्य याकोब आणि योहान आकाशातून अग्नी पाडायला निघाले. येशूने त्यांनाच धमकावलं आणि सगळे दुसऱ्या गावी गेले. दूर जाणं क्षमेच्या आड येत नाही.

घाईही नको. २५ फेब्रुवारी १९९५ ला उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये कॅथलिक जोगीण सिस्टर राणी मारिया यांची चाकूने हत्या झाली. त्यांची बहीण सिस्टर सेल्मी पॉल यांनी तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली ती २००२ मध्ये. मध्ये सात वर्षं गेली, आणि राखी बांधली तेव्हाही त्याची शिक्षा चालूच होती. तो सुटला २००६ मध्ये.

तेव्हा या दिवाळीला जायचंच असेल, तर आधी घरातल्या मऊ मनाच्या माणसाला, मावशीला म्हणा किंवा वहिनीला, फोन करून विचारा. एकटेच जा. डबा हातात द्या, आजीच्या पाया पडा. बस म्हणाले तर बसा, नाहीतर दहा मिनिटांत निघा. डबा परत मागायला जाऊ नका.