डेमोसाठी तीन वेळा पुणं

बारा वर्षं स्क्रीन प्रिंटिंगनं, म्हणजे जाळीतून शाई दाबून, लग्नपत्रिका छापल्या, बिजागरीच्या टेबलावर, एकेक रंग मारत. गेल्या वर्षी गणपती मंडळांच्या टी-शर्टांची विचारणा वाढली म्हणून हातानं चालवायची, चार फिरत्या हातांची मशीन घ्यायचं ठरवलं; दर रंगाची जाळी वेगळ्या हातावर. वाटलं, पंधरा दिवसांत घरी येईल. अडीच महिने गेले!

किती रंगांची, यात डोकं खपवावं लागलं नाही. आमच्या सांगलीत मंडळवाले तीन रंगांच्या वर पैसे देत नाहीत, आणि काळ्या शर्टाला खालून पांढरा थर लागतो, तो चौथा. पॅलेटही, म्हणजे शर्ट चढवायच्या फळ्या, चारच घ्या. एकाच पॅलेटवर काम काढलं, तर पांढरा वाळेपर्यंत हात चोळत बसायचं.

अडलं ते पुढं. पुण्याचा एक विक्रेता फोनवर म्हणाला, "रजिस्ट्रेशन एकदम पक्कं, डेमो बघून जा." रजिस्ट्रेशन म्हणजे एका रंगावर दुसरा नेमका जागेवर बसणं. पहाटेची एसटी पकडून गेलो, तर ऑपरेटर सुट्टीवर. दुसऱ्या खेपेला ऑपरेटर होता, छापायची जाळी ताणलेली फ्रेम नव्हती. तिसऱ्या खेपेला मी माझीच फ्रेम, शाई आणि शाई ओढायची रबरी पट्टी, स्क्वीजी, पिशवीत घालून नेली. एसटीत शेजारच्या आजी विचारत होत्या, "पोरा, चाळण हाय का ही?"

ऑपरेटरनं एका रंगाचा छाप मारून दाखवला. "बघा, किती शार्प!" अहो, एक रंग कशावरही शार्प येतो, माझ्या जुन्या टेबलावरही येतो. दुसरा रंग त्यावर बसतो का, एवढंच मला बघायचं होतं. तर मालक म्हणे, "आधी बुकिंग करा, मग हवं तेवढं छापा." साडेचारपर्यंत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून राहिलो. ते चहाला गेले तेव्हा उठलो, फ्रेम खाली टेकवली आणि तिचं पुढचं टोक बोटानं बाजूला ढकललं. हललं. मोठ्या भोकात पेन घालून हलवावं तसं. मालक आल्यावर विचारलं, तर उत्तर मिळालं, "सवय झाली की जमतं." कुणाची सवय, माझी की मशीनची? अजून आठवलं की डोकं तापतं.

त्या दिवशी करता आली नाही ती परीक्षा सांगतो, कुणाला उपयोगी पडेल. पॅलेटवर कागद घट्ट चिकटवायचा. अधिक चिन्हाची (+) बारीक खूण असलेली, ताणलेल्या जाळीची एक फ्रेम लावायची आणि त्याच कागदावर दहा वेळा छापायचं. दर वेळी फ्रेम उचलायची, मशीनचा हात फिरवून परत आणायचा, टेकवायचा. दहा छापांनंतरही रेघ एकच दिसली पाहिजे. दोन दिसल्या की सांध्यात ढिलाई आहे. जाळी सैल असेल तरी खूण सरकते, म्हणून जाळी आपली न्यावी.

ही परीक्षा शेवटी इचलकरंजीत झाली, एका छोट्या छपाईवाल्याकडं. त्यानं कुपवाडच्या एमआयडीसीतल्या फॅब्रिकेटरकडून मशीन करून घेतली होती, अडीच वर्षं रोज चालवलेली. "नव्या मशीनवर सगळंच बसतं हो, जुनं झालेलं बघा," असं म्हणून जेवणाच्या सुट्टीत मशीन माझ्या हवाली करून तो डबा खायला गेला. दहावा छाप उचलला, रेघ एकच! तशीच मशीन दुसऱ्या दिवशी सांगून टाकली.

हां, एक राहिलं. घेण्याआधी दुकानात खडूनं सात-आठ फुटांचं वर्तुळ काढून बघा. मशीन छोटी दिसते, पण हात फिरले की कपाटाला लागतात. फ्रेम आणि शर्टामधली फट कमी-जास्त करायचा स्क्रू आहे का तेही बघा. साध्या शर्टाला दोन-तीन मिलिमीटर पुरते, जाड हुडीला वाढवावी लागते. आणि फ्रेम ॲल्युमिनियमच्याच घ्या. माझ्या लाकडी फ्रेमा 2019 च्या पुरात पिळवटल्या, त्यातली एकही परत सपाट झाली नाही.

शिवाय रंगांच्या मधे थर वाळवायचा हीटर दोन किलोवॅटचा, म्हणजे जवळपास नऊ अँपिअर. साध्या बोर्डात लावायचा नाही, पंधरा अँपिअरचा सॉकेट वेगळा ओढून घ्यायचा. वायरमनला मशीनच्या आधी बोलवा. मी मशीन आल्यावर बोलावलं. तो चौथ्या दिवशी उगवला, तोवर ऐंशी शर्ट तसेच पडून.