आठ चॅनेलचं हेडर आटोपशीर करताना

ड्रायव्हर लिनक्स कर्नेलचा, चिपमध्ये आठ चॅनेलचा डीएमए कंट्रोलर, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा हलवणारा भाग. प्रत्येक चॅनेलला कंट्रोल, स्टेटस, सोर्स, डेस्टिनेशन आणि लेंग्थ अशी पाच रजिस्टरं, म्हणजे चिपशी बोलायच्या ठरावीक पत्त्यांच्या जागा. ही नावं आणि पत्ते ज्यात असतात त्या हेडर फाइलमध्ये हे सगळं आठ वेळा लिहिलेलं: नावातला आकडा बदलतो, ऑफसेट (सुरुवातीपासूनचं अंतर) ३२ बाइट पुढे सरकतो, बाकी सगळं तेच. त्यावर कडी म्हणजे प्रत्येक बिटफील्डचा (रजिस्टरमधल्या काही बिटांच्या गटाचा) एक मास्क, म्हणजे ते बिट कोणते, आणि एक शिफ्ट, म्हणजे ते कितव्या बिटापासून, तेही चॅनेलगणिक वेगळे.

अशी फाइल दिसली की हात शिवशिवतात, पण आधी ती कुठून आली ते बघितलं. एएमडीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमधल्या रजिस्टर हेडरांत लाखो ओळी आहेत, पण त्या कुणी हाताने टंकलेल्या नाहीत, आपोआप तयार होतात. तिथे हात घालण्यात अर्थ नाही. फाइल पुन्हा तयार झाली की सगळी मेहनत पाण्यात. माझ्यासमोरची फाइल मात्र हातानेच लिहिलेली होती.

मास्क-शिफ्टच्या जोड्या आधी निकालात काढल्या, कारण त्यात फारसं डोकं लागत नाही. बर्स्ट साइझ बिट ४ ते ६ मध्ये असेल तर कर्नेलचा तयार मॅक्रो जेनमास्क(६, ४) एवढंच लिहायचं, मोठा बिट आधी. शिफ्ट वेगळा लागतच नाही, किंमत बसवणारा फील्ड_प्रेप आणि वाचणारा फील्ड_गेट तो मास्कवरूनच काढतात. शिवाय तीन बिटांच्या जागेत कुणी ९ कोंबायला गेलं तर कंपाइल तिथेच अडतं. मात्र हे फक्त स्थिर किमतीला लागू. किंमत व्हेरिएबलमधून आली तर जास्तीचे बिट गुपचूप कापले जातात, म्हणून तिथल्या तपासण्या मी तशाच ठेवल्या. आणि जेनमास्कचा टाइप अनसाइन्ड लाँग असल्यामुळे ६४ बिट मशीनवर छपाईच्या काही ओळींनी वॉर्निंग दिल्या. त्या तेव्हाच मिटवल्या.

मग चॅनेल. चाळीस ऑफसेटांच्या जागी पाच मॅक्रो, प्रत्येकाला चॅनेल क्रमांक हा आर्ग्युमेंट: बेस + (सीएच) * ३२. सीएचभोवतीचा कंस शोभेचा नाही. कुणी आय + १ पाठवलं आणि कंस नसेल तर ३२ ने फक्त १ गुणला जातो, आणि कंपाइलर चकार शब्द काढत नाही.

जुनी नावं लगेच उडवली नाहीत. एका तात्पुरत्या सी फाइलमध्ये जुना मॅक्रो बरोबर नवा मॅक्रो असे स्टॅटिक असर्ट (कंपाइल होतानाच होणाऱ्या तपासण्या) लिहिले, सगळ्या चाळीसांसाठी. कंटाळवाणं काम, पण एका छोट्या स्क्रिप्टने होतं. कंपाइल केलं तर चॅनेल ७ च्या लेंग्थ रजिस्टरवर अडलं. डेटाशीट उघडली: त्या चॅनेलचा काउंटर इतरांपेक्षा रुंद, म्हणून ते रजिस्टर ओळ सोडून पार दुसरीकडे ठेवलेलं. म्हणजे जुनं हेडर बरोबरच होतं. आठांपैकी एक वेगळं आहे हे त्या गर्दीत दिसत नव्हतं, एवढंच.

हा अपवाद मॅक्रोतच टर्नरी ऑपरेटर (एका ओळीतलं जर-तर) घालून गिळता आला असता. मला ते पटलं नाही. त्या ऑफसेटला स्वतंत्र नाव दिलं आणि लेंग्थसाठी एक छोटं इनलाइन फंक्शन लिहिलं: एकच इफ, वर डेटाशीटमधल्या तक्त्याचा क्रमांक. हार्डवेअर वाकडं असेल तर कोडमध्ये ते वाकडं दिसायलाच हवं.

पॅच दोन केले. पहिल्यात फक्त नावांची अदलाबदल, त्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या ऑब्जेक्ट फाइलमधल्या सूचना हुबेहूब जुळायला हव्यात. त्या ऑब्जडंप या टूलने काढून डिफ केल्या, म्हणजे फरक तपासला. नुसत्या फाइली जुळवल्या तर फसगत होते, कारण इशारा छापणारा वॉर्न मॅक्रो ओळक्रमांक साठवतो आणि वरच्या दोन ओळी जुळून एक झाली तरी खालचे क्रमांक सरकतात. दुसऱ्या पॅचमध्ये प्रत्येक चॅनेलला एक केस असा आठ फाट्यांचा स्विच जाऊन एक ओळ आली. इथे मशीन कोड बदलणारच होता, म्हणून तो पहिल्यात मिसळला नाही. रिव्ह्यू करणाऱ्याला पहिला पॅच डोळे झाकून घेता आला पाहिजे; दुसरा मात्र नीट वाचावा लागतो.

राहिली डीबगएफएसमध्ये (कर्नेलची तपासणीची माहिती फाइलींसारखी दाखवणारी जागा) छापायची रजिस्टरांची नावं. तिथे एक्स-मॅक्रो नावाची युक्ती वापरून यादी एकदाच लिहायची आणि त्यातून एनम (क्रमांकांची यादी) आणि नावांचा तक्ता दोन्ही काढायचे, असं करून पाहिलं. टोकन जोडून नावं बनतात, त्यामुळे तिथे छापलेलं नाव कोडमध्ये ग्रेपने (मजकूर शोधायच्या कमांडने) शोधलं तर व्याख्या सापडत नाही, आणि एडिटरही तिथवर उडी मारत नाही. पाच नावांसाठी ही किंमत जास्त वाटली. शे-दीडशे रजिस्टरं असती आणि दोन याद्या एकमेकींपासून भरकटण्याची भीती असती तर कदाचित घेतला असता. इथे साधा तक्ताच ठेवला, नावं पूर्ण लिहून.